१७३ तासांचे ७५: रासेयोच्या डायरीत कोणती सेवा धरली जाते आणि कोणती नाही

जानेवारीचा शेवटचा आठवडा. नागपुरातल्या एका विज्ञान महाविद्यालयाच्या रासेयो, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, कक्षात प्रथम वर्षाची एक स्वयंसेविका आपली कार्यदैनंदिनी पुढे करते. शेवटच्या पानावर तिनेच केलेली बेरीज आहे, १७३ तास. वर्षाला लागतात १२०. म्हणजे काम संपलं, आता मार्चमध्ये फक्त अभ्यास, असा तिचा हिशेब. कार्यक्रम अधिकारी, म्हणजे रासेयो सांभाळणारे प्राध्यापक, हजेरीपट शेजारी उघडून एकेक नोंद ताडून पाहतात आणि तासाभराने त्या बेरजेखाली लाल शाईने लिहितात, ७५.

ही स्वयंसेविका कुणी एक मुलगी नाही. महाविद्यालयांत वर्षअखेरीला ज्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, त्या एका डायरीत गोळा करून हे प्रकरण नमुना म्हणून मांडलं आहे. तासांचे आकडे हिशेब समजावा म्हणून निवडले आहेत. नियम मात्र खरे आहेत, आणि वजाबाकीही अशीच होते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या डायरीत खोटं असं काहीच नव्हतं. तिने लिहिलेलं प्रत्येक काम तिने केलेलं होतं, त्यातलं काही तर १२० तास भरणाऱ्या पुष्कळांपेक्षा जास्त मनापासून. पण सेवा केली की तास आपोआप जमा होतात, हा समज चुकीचा होता. तास कशाचे धरायचे हे काम सुरू होण्याआधी ठरतं.

१२० ची फोड

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला किमान १२० तास नियमित उपक्रमांत द्यायचे, असं सलग दोन वर्षं, म्हणजे २४०. शिवाय या दोन वर्षांत ७ दिवसांचं एक विशेष शिबिर. हे दोन्ही झालं की प्रमाणपत्र.

इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. त्यापुढची ओळ फारसं कुणी वाचत नाही. हे १२० तास एकाच पोत्यात भरायचे नसतात. २० तास उद्बोधनाचे, म्हणजे योजनेची ओळख, गटचर्चा, कौशल्यं शिकणं. महाविद्यालयाच्या आवारातलं काम जास्तीत जास्त ३० तास. उरलेले ७० तास दत्तक गावात किंवा दत्तक वस्तीत, म्हणजे कामासाठी निवडलेल्या गावात-वस्तीत, लोकांमध्ये. आवाराच्या कामाला वरची मर्यादा आहे हे बहुतेकांना जानेवारीतच कळतं, कारण तोवर ती ओलांडलेली असते. आवारात काम सोपं. बस पकडायची नाही, डबा न्यायचा नाही, दोन तासिकांच्या मधे झाडांना पाणी घालून येता येतं. डायरी तिकडेच फुगते.

डायरीचा क्रम सोडून आता तिच्या नोंदी पाहू. सोप्या आधी, वादाच्या नंतर.

उद्बोधन: लिहिले १४, धरले १४

ऑगस्टमधला ओळखवर्ग, प्रथमोपचाराचं प्रात्यक्षिक, सर्वेक्षणाचा अर्ज कसा भरायचा यावरचं सत्र. तिन्हीकडे हजेरीपटावर सही, तारीख, वेळ. इथे बोलण्यासारखं काही नाही. फक्त ६ तास अजून बाकी आहेत, एवढं बाजूला लिहून ठेवायचं.

आवारातलं काम: लिहिले ४६, धरले ३०

यात तीन नोंदी होत्या. झाडं लावणं आणि पुढे चार महिने आठवड्याला पाणी घालणं, १८ तास. परिसर स्वच्छता, १६ तास. आणि गॅदरिंगच्या वेळी खुर्च्या मांडणं, मंच सजवणं, दारावर पास तपासणं, १२ तास.

गॅदरिंगचे १२ आधी गेले. स्नेहसंमेलन हा महाविद्यालयाचा स्वतःचा कार्यक्रम. त्यात राबणं ही विद्यार्थी म्हणून केलेली मदत झाली. त्या दिवशी तिच्या छातीवर रासेयोचा बॅज होता, पण बॅज लावला की काम सेवेचं होत नाही. सेवेच्या कामावर असताना बॅज लावणं बंधनकारक आहे, एवढाच तो नियम, आणि तो उलटा वाचता येत नाही.

राहिले १८ आणि १६, म्हणजे ३४. मर्यादा ३०. चार तास मर्यादेवर कापले गेले. त्या चार तासांत काम झालं नाही असं कुणी म्हणत नाही. आवाराचा रकाना भरला, इतकंच. नोव्हेंबरात कुणी गटप्रमुखाने बेरीज करून पाहिली असती, तर हेच चार तास दत्तक वस्तीतल्या झाडांना मिळाले असते. पाणी तेच, बादली तीच, रकाना वेगळा.

गणेश विसर्जन: लिहिले १०, धरले ६

विसर्जनाच्या दिवशी कृत्रिम टाक्यांपाशी निर्माल्य गोळा करायचं काम होतं. आलेल्या निर्माल्यातून फुलं-दुर्वा वेगळ्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, जरीच्या माळा, टाचण्या वेगळ्या, कारण मिसळलेल्या निर्माल्याचं खत होत नाही. युनिटची, म्हणजे महाविद्यालयाच्या रासेयो गटाची, पाळी दुपारी ४ ते रात्री १० अशी नेमलेली होती. तिने लिहिलं, ४ ते २.

"सर, मी तर रात्री दोन वाजेपर्यंत तिथेच होती."

होतीही. १० वाजता पाळी बदलली, पुढच्या गटाने सही केली, ही मैत्रिणींसोबत मोठ्या गणपतीच्या मिरवणुकीत थांबली आणि मधे दोनेकदा कुणाला पिशवी धरून दिली. हजेरीपटावर सहा तास, म्हणून सहाच. तिथे हजर असणं वेगळं आणि कामावर असणं वेगळं. शिवाय पाळीबाहेरच्या वेळेत काही घडलं, कुणाला लागलं, पाय घसरला, तर त्याची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आहेच. पाळ्या रात्री १० ला संपवण्यामागे ते एक कारण असतं, आणि ते मुलींच्या घरच्यांना आधी पटतं, मुलींना नंतर.

दीक्षाभूमी: लिहिले १२, धरले ६

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे धम्मदीक्षा घेतली, तिथे दरवर्षी विजयादशमीच्या सुमारास लाखो लोक येतात, आणि नागपूरच्या स्वयंसेवकांना तिथे कामाची कमतरता कधीच नसते. पाणी देणं, हरवलेल्या मुलाला मदतकेंद्रावर पोचवणं, बसथांब्याची वाट दाखवणं, वापरलेले पेले-पत्रावळी उचलणं. ती दोन दिवस गेली, सहा-सहा तास. पहिल्या दिवशी युनिटसोबत पाणीवाटपाला, दुसऱ्या दिवशी आपल्या मोहल्ल्यातल्या मंडळींच्या भोजनदानाच्या मंडपात वाढायला.

पहिले सहा धरले, दुसरे नाही. यावर हमखास वाद होतो, कारण दुसऱ्या दिवशी ती जास्त राबली होती. प्रश्न राबण्याचा नव्हता. मोहल्ल्याच्या मंडपात तिला पाठवलं कुणी? कुणीच नाही, ती घरच्यांसोबत गेली. पाहिलं कुणी? काका-मामांनी. तीन दिवस आधी कक्षात अर्ज दिला असता, की अमुक मंडपात अमुक वेळेत वाढपाचं काम आहे, मंडपाच्या व्यवस्थापकांची सही आणू का, तर हे तास धरता आले असते. मंडप घरच्यांचा आहे म्हणून सही मात्र घरच्या माणसाची नको, एवढीच अट.

इथे कधी कधी एक विनाकारण खोच निघते, की धार्मिक ठिकाणची सेवा चालतच नाही. असं नाही. पूजा, वंदना, आरती, कीर्तन यात भाग घेणं ही ज्याची त्याची श्रद्धा, त्याचे तास होत नाहीत. पण गर्दीला पाणी देणं, कचरा उचलणं, चक्कर आलेल्याला सावलीत नेणं ही लोकांची सेवा आहे, मग जागा दीक्षाभूमी असो, ताजबागचा दर्गा असो की टेकडी गणपतीचं मंदिर. जागा पाहू नये, काम पाहावं.

मेडिकलमधल्या तीन रात्री: लिहिले २४, धरले ०

तिची मावशी मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, भरती होती. हिने तीन रात्री तिच्या उशाशी काढल्या, औषधं आणली, शेजारच्या खाटेवरच्या खेड्यातल्या बाईंना कागद भरून दिले, कोणती खिडकी कुठे ते दाखवलं. आठ तासांच्या तीन रात्री, २४.

शून्य. आपल्या माणसाची शुश्रूषा हे कर्तव्य आहे, समाजसेवेच्या तासांत ते येत नाही. सांगताना कार्यक्रम अधिकाऱ्यांनाही जड जातं, पण हा नियम सैल केला की पुढच्या वर्षी प्रत्येक डायरीत आजीचे गुडघे दिसतील. शेजारच्या बाईंना मदत केली ते खरंच परक्याचं काम होतं. पण ते ठरवून, नेमून, कुणाच्या देखरेखीखाली केलेलं नव्हतं. बिनओळखीच्या रुग्णांना वाट दाखवायचं काम युनिटने रुग्णालयाची परवानगी घेऊन आठवड्यातून दोन सकाळी लावलं असतं, तर तीच मुलगी, तेच कागद, तीच खिडकी, आणि तास पूर्ण.

शनिवारची शिकवणी: लिहिले ३०, धरले ०

सर्वांत मोठा धक्का हा. एका संस्थेच्या अभ्यासवर्गात ती दर शनिवारी वस्तीतल्या पाचवी-सहावीच्या मुलांना गणित शिकवत होती. वीस शनिवार, दीड-दीड तास. काम उत्तम, मुलं गरजू, संस्थेचं लेटरहेडवरचं पत्रही होतं. त्या पत्रात एक ओळ होती: दरमहा १५०० रुपये मानधन देण्यात येते.

मानधन हा शब्द मऊ आहे, पण पैसा तो पैसाच. ज्या कामाचा मोबदला मिळाला ते काम अर्धवेळ नोकरी, आणि नोकरीचे तास सेवेत येत नाहीत. रक्कम कमी आहे, संस्था गरीब आहे, पैसे पेट्रोललाच जातात, यातलं काहीही म्हटलं तरी उत्तर बदलत नाही. प्रत्यक्ष झालेला बसखर्च तिकिटं दाखवून परत मिळणं वेगळं, त्याने सेवा बाद होत नाही. दरमहा ठरलेली रक्कम मिळत असेल तर होते.

तिने मग विचारलं, घेतलेले पैसे परत केले तर? नाही. मागे जाऊन नोकरीची सेवा करता येत नाही. पुढच्या महिन्यापासून मानधन न घेता, आधी परवानगी घेऊन शिकवलं तर तेव्हापासूनचे तास धरता येतील. आणि हे तिने केलं, ते पुढे येईलच.

रक्तदान शिबिर: लिहिले ८, धरले ४

युनिटने दत्तक वस्तीत घेतलेल्या शिबिरात सकाळी ९ ते १ ती नोंदणीच्या टेबलावर होती. नावं लिहिणं, वजनकाट्यावर उभं करणं, अर्जातला आजारांचा भाग नीट भरून घेणं. हे चार तास धरले. ती स्वतः रक्त देऊ शकली नाही, कारण हिमोग्लोबिन १०.८ निघालं आणि किमान १२.५ लागतं. याची तिला उगाच लाज वाटत होती. टेबलावरच्या तासांचा आणि हिमोग्लोबिनचा काही संबंध नाही.

बाकीचे चार तास जेवणाचे, फोटोचे आणि 'शिबिर संपेपर्यंत थांबली' याचे. ते गेले. जाता जाता, रक्त देण्याचे म्हणून चार-पाच तास मांडायची सवय पुष्कळ डायऱ्यांत दिसते. सुई हातात असते ती काही मिनिटं. नोंदणी, तपासणी आणि नंतरची विश्रांती धरूनही साधारण तासाभराचा मामला. तेवढाच लिहावा. रक्तदानाचं मोल मोठं आहे म्हणून त्याचे तास वाढत नाहीत, आणि तासांसाठी रक्त द्यायला लावणं तर मुळातच अयोग्य. तास हवेत म्हणून अर्जातला आजार लपवणारा विद्यार्थी रक्त घेणाऱ्या रुग्णाला धोका असतो.

दत्तक वस्तीतलं सर्वेक्षण: लिहिले १८, धरले १५

तीन रविवार, पाच-पाच तास, घरोघरी जाऊन पाणी कुठून येतं, सांडपाणी कुठे जातं, शाळा सोडलेली मुलं किती याची नोंद. प्रत्येक रविवारी तिने बसचा जाण्यायेण्याचा एक तास जोडला होता. तो वजा. काम वस्तीच्या तोंडाशी हजेरी झाल्यावर सुरू होतं आणि निघतानाच्या हजेरीला संपतं.

अख्ख्या डायरीतलं हे सर्वांत चांगलं पान. तारीख, ९.०० ते २.००, गल्ली, किती घरं, काय आढळलं, अडचण कोणती (दुपारी पुरुषमंडळी घरी नव्हती, बायकांना घरपट्टीच्या पावतीबद्दल माहिती नव्हती), खाली गटप्रमुखाची त्याच दिवशीची सही. डायरीची सगळी पानं अशी असती तर तपासणी दहा मिनिटांत संपली असती.

ऑनलाइन प्रमाणपत्रं आणि बॅनरवाली स्वच्छता: लिहिले ६ आणि ५, धरले ० आणि ०

प्रश्नमंजूषेची सहा प्रमाणपत्रं, एकेक तास. ३१ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालेल्या मेरा युवा भारतच्या पोर्टलवर स्वयंसेवकांची नोंदणी होते, ती करावीच. पण दहा प्रश्नांवर टिचकी मारून उतरवलेलं प्रमाणपत्र म्हणजे सेवेचा तास नाही. अपवाद एकच, ते सत्र युनिटने उद्बोधनाचं म्हणून लावलं असेल आणि हजेरी घेतली असेल तर.

पाच तासांची स्वच्छता मोहीम खरी होती, नाली खरंच उपसली होती. फक्त मागे एका इच्छुक उमेदवाराचा बॅनर होता, आणि फोटोत तोच ठळक. स्वयंसेवकाने वादाच्या विषयात पडू नये असं रासेयोची आचारसंहिता सांगते. पक्ष, उमेदवार, प्रचार हे त्यात पहिलं. मतदार नोंदणीला मदत चालते, कुणाला मत द्या हे चालत नाही. झाडू दोन्हीकडे सारखाच असला तरी.

बेरीज

धरलेले तास: १४, ३०, ६, ६, ४, १५. एकूण ७५. त्यात लोकांमधल्या कामाचे फक्त ३१. कमी पडले ४५, आणि ते कसेही भरून चालणार नव्हतं. आवाराचा रकाना ३० वर बंद. उद्बोधनाचे ६ बाकी. म्हणजे वस्तीत ३९ तास.

इथे तिने ठेवणीतलं अस्त्र काढलं. डिसेंबरात ७ दिवसांचं विशेष शिबिर केलं होतं, मुक्कामाचं. "सात गुणिले चोवीस, १६८ तास होतात ना सर?" होत नाहीत. शिबिर हा १२० तासांचा भाग नाही, त्याची अट स्वतंत्र आहे. शिबिरात झोपलेले तास सोडा, खोदकामाचे तासही नियमित उपक्रमांत येत नाहीत. शिबिरामुळे तिची प्रमाणपत्राची अर्धी वाट मोकळी झाली होती, पण १२० ची वाट तिथल्या तिथेच होती.

दुसरा घोळ श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिट्सचा. नव्या अभ्यासक्रमात रासेयो सहअभ्यासक्रम म्हणून निवडता येते आणि प्रात्यक्षिक कामाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात ३० तास. त्यामुळे सत्राच्या गुणपत्रिकेत श्रेयांक दिसले की विद्यार्थी समजतात, रासेयो झाली. श्रेयांक आणि रासेयोचं प्रमाणपत्र यांचे हिशेब वेगळे आहेत. आणि अभ्यासक्रमातल्या क्षेत्रप्रकल्पासाठी (फील्ड प्रोजेक्ट) दाखवलेला तास इथे पुन्हा दाखवू नये. एका विभागाला दिलेली पावती दुसऱ्या विभागात चालवली, तर दोन्हीकडचं जातं.

(आणखी एक समाजसेवा सध्या बातम्यांत असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत काही किरकोळ गुन्ह्यांना ती शिक्षा म्हणून आहे. तिचा आणि या तासांचा नावापलीकडे संबंध नाही. तरीही कुणीतरी विचारतंच.)

४५ तास भरून काढणं

तारखा मोजल्या. फेब्रुवारी आणि मार्च मिळून आठ रविवार, आठ बुधवार. रविवारी सकाळी ७ ते ११ वस्तीत काम, ३२ तास. बुधवारी संध्याकाळी दीड तास अभ्यासवर्ग, १२ तास. एकूण ४४, गरज ३९ ची. पाच तास मुद्दाम राखीव ठेवले, कारण दोन महिन्यांत काहीतरी बुडतंच. सकाळी ७ ची वेळ हौसेने निवडलेली नाही. नागपुरात मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात अकरानंतर कुदळ हातात धरवत नाही, आणि दुपारच्या खोदकामात कुणी भोवळ येऊन पडलं तर त्या दिवशीचे सगळ्यांचेच तास संपतात.

अभ्यासवर्ग तोच, जुन्या संस्थेचा. फरक एवढाच, की यावेळी आधी पत्र गेलं. पत्रात पाच गोष्टी होत्या: जागा, वार आणि वेळ, काम काय, मानधन घेतलं जाणार नाही असा उल्लेख, आणि संस्थेकडून हजेरीवर सही कोण करणार. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी त्यावर मंजुरी लिहिली, तारखेसह. अर्ध्या पानाचा हा कागद ऑगस्टमध्ये झाला असता, मानधन नाकारलं असतं, तर ३० तास वाचले असते.

रविवारचं काम सर्वेक्षणातूनच निघालं. वस्तीतल्या सार्वजनिक नळांखाली सांडपाणी साचत होतं. चार नळांपाशी शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारे खड्डे, घ्यायचे ठरलं. खड्डा साधारण मीटरभर लांब, रुंद आणि खोल. तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर गिट्टी, सर्वांत वर जाड रेती. पाणी जिथून पडतं तिथे बुडाला भोकं पाडलेला माठ, त्यात गाळ अडतो आणि माठ महिन्याला धुता येतो. जागा विहिरीपासून लांब.

पहिला खड्डा फसला, आणि तो फसणारच होता. नागपूरकडची काळी माती ओली झाली की फुगते, भेगा बुजतात आणि पाणी मुरत नाही. मीटरभर खणूनही खाली काळीच माती लागली, तरी दगड भरले. तिसऱ्या दिवशी खड्डा काठोकाठ. दुसऱ्यापासून मुरूम लागेपर्यंत खणलं, दीड मीटरच्या आसपास, आणि भरण्याआधी चार बादल्या ओतून पाणी किती वेळात उतरतं ते पाहिलं. उतरत नसेल तर जागा बदलायची.

फसलेल्या खड्ड्याचे तास धरायचे का? धरले. तास हजर राहून केलेल्या नेमून दिलेल्या कामाचे असतात, यशाचे नाहीत. मात्र डायरीत 'शोषखड्डा पूर्ण' असं न लिहिता 'काळी माती, पाणी मुरलं नाही, पुढील रविवारी खोली वाढवणे' असं लिहिलं. पुढच्या वर्षीच्या युनिटला ही ओळ तासांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. तिसऱ्या रविवारी वस्तीतल्या एका वजनदार माणसाने आपल्या अंगणातही एक खड्डा घ्यायची गळ घातली. गटप्रमुखाने नम्रपणे नाही सांगितलं. एका घराचं सांडपाणी हा त्या घराचा प्रश्न. त्या खड्ड्याचे तास लिहिले असते तर ते खोडले गेले असते, आणि चार तासांची मेहनत फुकट.

सह्यांबाबत एकच बदल केला, पण तोच मोठा होता. आधी ती महिनाभराच्या नोंदी एकदम लिहून एकाच बैठकीत सह्या घेत असे. एकाच पेनाने, एकाच तिरप्या अक्षरात महिनाभराची पानं दिसली की तपासणाऱ्याला खऱ्या नोंदीचाही संशय येतो. आता निघतानाच वस्तीत उभ्याउभ्या दोन ओळी आणि सही. त्या पानांवर मातीचे डाग आहेत. संशय मात्र कुणाला येत नाही.

उद्बोधनाचे ६ तास फेब्रुवारीतच दोन सत्रांत झाले, एक अग्निशमनाचं, एक गटचर्चेचं. २० पूर्ण.

मार्चअखेरचा हिशेब

एक रविवार प्रात्यक्षिक परीक्षेत गेला, चार तास. राखीव एकच तास उरला. एक बुधवार तापात गेला, दीड तास. तिने ३१ तारखेच्या आदल्या सोमवारी बेरीज केली: उद्बोधन २०, आवार ३०, वस्ती ३१ अधिक २८ अधिक साडेदहा, म्हणजे साडेएकोणसत्तर. एकूण ११९.५.

अर्धा तास. कक्षातल्या इतर मुलांचं म्हणणं, सरांनी वर ओढून १२० करावं. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी ओढलं नाही, आणि बरोबर केलं, कारण याच टेबलावर जानेवारीत मर्यादेवरचे चार तास कापले होते, तेही याच पेनाने. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. संस्थेला फोन करून बुडालेला वर्ग त्या संध्याकाळी घ्यायची परवानगी घेतली, कक्षाच्या वहीत तशी नोंद केली. ५.३० ते ७.००, सहावीची अकरा मुलं, अपूर्णांकांची वजाबाकी. संस्थेच्या बाईंची सही. लाल शाईतल्या ७५ खाली आता निळ्या शाईत १२१.